ओला कचरा हाताळणाऱ्यांच्या छायाचित्रकथा शहरातल्या जुन्या चौकात मांडायच्या आहेत. जागा कोणती घ्यावी आणि फोटोंत काय दाखवावं?

पुण्यात मांडणार असाल तर मंडईच घ्या. शनिवारवाड्यापुढे लोक वाडा बघायला येतात, मंडईत भाजी घ्यायला. फ्लॉवरचा पाला, मटारची सालं, कोथिंबिरीच्या काड्या, सगळा उद्याचा ओला कचरा तिथूनच पिशवीतून घरी जातो. इमारत १८८६ची आहे. दगडाला खिळे ठोकू नका, सुटे स्टँड लावा, महापालिकेची परवानगी आधी काढा.

आता फोटोंबद्दल. मी आमच्या सोसायटीच्या खतखड्ड्यांचं काम बघते. तिथल्या ताईंचं कसब कुणाला दिसतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. खत मुठीत दाबून ओल जोखणं हे त्यांचं रोजचं काम. पाणी गळलं तर सुका पालापाचोळा वाढवायचा, भुगा मोकळा झाला तर पाणी शिंपडायचं. आंबूस वास आला की हवा कमी पडलीय हे त्या लांबूनच ओळखतात. थंडीत सकाळी खड्डा वरखाली करताना वाफ निघते, कारण आतलं तापमान पन्नास-साठ अंशांपर्यंत गेलेलं असतं. हे क्रमाने दाखवा, घरातल्या बादलीपासून तयार खतापर्यंत. ओल्या कचऱ्यात टाकलेली फुटकी काच आणि त्यातून निवडणारे हातही दाखवा.

पैशाची बाजू सोडू नका. सुका कचरा भंगारवाल्याकडे विकता येतो, ओल्याला तिथे दर नाही. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली, पुढे २००८च्या सुमारास ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेमार्फत घरोघरचा कचरा गोळा करायचं काम त्यांच्याकडे आलं. ओल्या कचऱ्याचे कष्ट भरून निघतात ते घरटी दरमहा शुल्कातून, आणि तेच द्यायला लोक कुरकुरतात. फोटोखाली हे स्पष्ट लिहा.

चेहरा आणि नाव विचारल्याशिवाय नको. या बाया बहुसंख्येने दलित समाजातल्या आहेत. मुलांना शाळेत कुणी चिडवेल ही भीती खरी असते. प्रिंट आधी त्यांना दाखवा, नको म्हणतील तो फोटो काढून टाका. ओळी त्यांच्याच तोंडच्या घ्या, प्रमाण मराठीत सुधारत बसू नका.

उद्घाटन सकाळी ठेवू नका, तेव्हा त्या फेरीवर असतात. संध्याकाळी ठेवा, आणि माहिती सांगायला त्यांनाच उभं करा. त्या वेळेचे पैसेही द्या.