पंचावन्न हजारांचं कार्ड

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे. घरातला कॉम्प्युटर पाच वर्षांचा झाला. आता त्याला ५५ हजारांचं ग्राफिक्स कार्ड हवंय. म्हणतो, "त्याशिवाय चांगले गेम खेळताच येत नाहीत." खरं आहे का हे?
– एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, 'खेळता येत नाहीत' हे थोडंफार खरं आहे. कार्ड म्हणजे पडद्यावर चित्रं काढणारा कॉम्प्युटरचा भाग, आणि काही नवे गेम जुन्या कार्डावर सुरूच होत नाहीत. माझं भांडण आहे ते 'चांगले' या शब्दाशी.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' मी कॉलेजच्या लॅबमध्ये खेळायचो, सर जेवायला गेले की. जॉर्डन मेकनरने तो १९८९मध्ये ॲपल टू या तेव्हाच जुन्या झालेल्या मशीनसाठी केला. राजपुत्राच्या हालचालींनीच मेमरी भरली, शत्रूची नवी चित्रं ठेवायला जागा उरली नाही. मग मेकनरने राजपुत्राचीच चित्रं थोडी सरकवून एकमेकांवर अशी चढवली, की एक काळी, थरथरती आकृती तयार झाली. आरशातून उडी मारून बाहेर येते ती हीच सावली. पुढे ती तलवार घेऊन समोर उभी राहते, आणि तिला मारलेला प्रत्येक घाव आपल्यालाच लागतो. तलवार म्यान करायची असते, हे कळायला मला आठवडा लागला होता. मेमरी भरपूर असती, तर तिथे आणखी एक पहारेकरी आला असता बहुतेक.

म्हणून ताकद फुकट, असं नाही. १९९६चा 'सुपर मारिओ ६४' आधीच्या मशीनवर झालाच नसता. मारिओला त्या त्रिमित मैदानात हवं तिकडे पळवायचं, तर तेवढा दम लागतोच. पण आज ५५ हजारांत जास्त करून मिळतं ते गेममधल्या डबक्यातलं प्रतिबिंब आणि सेकंदाला चार फ्रेम, म्हणजे चित्रं, जास्त. सुंदर दिसतं, नाही कशाला म्हणू? पण २०२४मध्ये गाजलेला, पत्त्यांचा 'बलाट्रो' एकट्या माणसाने केलाय आणि तो तुमच्या आहे त्या कॉम्प्युटरवर आरामात चालेल.

चिरंजीवांना अडलेल्या तीन गेमची नावं कागदावर लिहायला सांगा. गेमच्या इंटरनेटवरच्या पानावर किमान कोणतं कार्ड लागतं ते दिलेलं असतं. बऱ्याचदा निम्म्या किमतीचं, सेकंडहँडसुद्धा पुरतं.

आणि आधी एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, किती वॅटचा आहे ते बघा; नव्या कार्डाला तो पुरला पाहिजे. माझ्या पुतण्याने हौसेने कार्ड आणलं, ते पंधरा दिवस खोक्यातच पडून होतं.