जुळी देणारी मेंढी खरंच असते का, आणि ती जीएम असते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तीसेक दख्खनी मेंढ्या आहेत, एक जण 'जुळ्याच्या जीनचा' नर विकायला आलाय, तर हे कापसाच्या जीएम (लॅबमध्ये जीन म्हणजे जनुक बदललेल्या) बियाण्यासारखं काही आहे का आणि घ्यावा का. मी शिकलोय पशुवैद्यकीय, घरी मेंढरं आहेत, मेंढ्यांवर काम करणारी फलटणची संस्थाही फार लांब नाही, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय, चालवून घ्या.

आधी सोपं उत्तर. जीएम नाही. लॅबमध्ये कुणी काही घुसवलेलं नाही, नर-मादीचा साधा संकर आहे, फक्त कोणतं कोकरू ठेवायचं आणि कोणतं विकायचं हे रक्त तपासून ठरवलेलं आहे.

हा जीन मूळचा आपल्याच देशातला. बंगालच्या सुंदरबनात गॅरोल म्हणून बारकी मेंढी आहे, पूर्ण वाढली तरी बारा-पंधरा किलोची, पण देते दोन-दोन, कधी तीन पिल्लं. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या, तिथल्या मेरिनो जातीच्या मेंढ्यांत मिसळल्या, आणि दीडशे वर्षांनी बुरुला नावाच्या फार्मवरच्या मेरिनो इतरांपेक्षा जास्त पिल्लं देतात म्हणून तिकडचे शास्त्रज्ञ मागे लागले. १९८० नंतर कळलं की हा एकाच मोठ्या जीनचा खेळ आहे, त्याला फेक-बी म्हणतात. २००१ मध्ये त्यातला नेमका बदल सापडला, आणि पुढच्याच वर्षी दिसलं की गॅरोलमध्येही हुबेहूब तोच बदल आहे. म्हणजे आपला माल परदेश फिरून ओळखीचा झाला 😄

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने म्हणजे 'नारी'ने नव्वदच्या दशकातच गॅरोल आणून दख्खनीशी संकर सुरू केला होता. हे काम डॉ. चंदा निंबकर यांनी पुढे नेलं (इरावती कर्वेंची नात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं), पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातली विद्यापीठं सोबत होती. अडचण अशी की पहिल्या संकरात जुळी मिळतात पण जनावर बारकं होतं, मग बाजारात किंमत काय येणार? म्हणून दर पिढीला परत मोठ्या अंगाच्या मेंढीशी संकर करायचा आणि जीन असलेलीच कोकरं ठेवायची, असं करत करत अंग दख्खनीचं पण जीन गॅरोलचा अशी 'नारी सुवर्णा' तयार झाली, तिच्यात कर्नाटकातल्या बन्नूर आणि इस्रायलच्या अवासी जातीच्या मेंढ्यांचंही रक्त आहे.

रक्त तपासायचं कशाला, तर नराकडे बघून काहीच कळत नाही! जीनचा परिणाम मादीच्या बीजांडावर, नर तो नुसता वाहून नेतो. पूर्वी त्याच्या मुली मोठ्या होऊन विईपर्यंत दोन-तीन वर्षं थांबावं लागायचं, आता कोकरू लहान असतानाच थोड्या रक्तावर कळतं.

आता तुमच्या कामाचं गणित. प्रत्येक जीनची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून येते. या जीनच्या दोन्ही प्रती असलेला नर साध्या मेंढ्यांवर सोडला तर सगळ्या मुलींना एकेक प्रत जाते. नराकडे एकच प्रत असेल तर निम्म्यांनाच, तेही नशिबावर. आणि जास्त प्रती म्हणजे जास्त फायदा असं अजिबात नाही, दख्खनीला एक प्रत पुरे. एक प्रत असलेल्या मेंढ्यांमध्ये दहा वेतांमागे साधारण पाचेक कोकरं जास्त मिळतात, म्हणजे प्रत्येक वेताला जुळं होतंच असं नाही, "गॅरंटीड जुळी" म्हणणारा थापा मारतोय हे तिथेच समजा. शिवाय फरक दिसणार तो नराच्या मुली विऊ लागल्यावर, तुमच्या आत्ताच्या मेंढ्या आहेत तशाच एकेक देणार.

खरी परीक्षा वाड्यात, म्हणजे मेंढरं मुक्कामाला बसवतो तिथे. जुळ्यातलं एकेक कोकरू हलकं असतं, आणि पहिलटकरीण बऱ्याचदा एकाला चाटून त्याच्यामागे निघून जाते, दुसरं तिथेच थरथरत पडतं. तासाभरात चीक पोटात गेला पाहिजे, त्यासाठी मेंढी धरून दोघांना कासेला लावायचं, आणि दोन-तीन दिवस तिघांना वेगळं ठेवायचं, चरायला सोडायचं नाही. दूध कमी पडलं तर शेळी पाजायची, धनगर कळपात दोन-चार शेळ्या ठेवतात त्या उगाच नाही. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात भरडा किंवा पेंड दिली नाही तर पुढचं सगळं फुकट. दिवाळीनंतर कोकणात उतरणारा वाडा असेल, रोज मुक्काम हलत असेल, तर माझ्या मते हा जीन डोकेदुखीच. आमच्या भागात असे वाडे बघितलेत, तिथे एक तगडं कोकरू दोन मरतुकड्यांपेक्षा बरं. घरी बांधून, चारा लावून पाळत असाल तर विचार जरूर करा.

गाई-म्हशींच्या दुधाचं असं होत नाही बरं का, तिथे एक जीन शोधून भागत नाही, हजारो जीन थोडं थोडं काम करतात. म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमला गाई-म्हशींचा डीएनए तपासणारी जी गौ चिप आणि महिष चिप आली ती एका वेळी डीएनएतल्या हजारो जागा तपासते, पण तिच्यामागे गोठ्या-गोठ्यातल्या दुधाच्या नोंदी लागतात, आणि नोंदी ठेवायचा आपल्याकडे भयंकर कंटाळा.

विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. डीएनए रिपोर्ट आहे का आणि त्यावरचा नंबर नराच्या कानातल्या बिल्ल्याशी जुळतो का, प्रती एक की दोन, आणि आईबाप कोण. रिपोर्ट नसेल तर तो साधा नर आहे असं धरून साध्या नराचाच भाव द्या. आणि घेतलाच तर त्याच्या मुली माजावर यायच्या आत त्याला बदला, नाहीतर तो स्वतःच्याच मुलींवर जाईल.