जुन्या कोअर टू ड्युओ (इंटेलचा जुना प्रोसेसर) कॉम्प्युटरला हात लावण्याआधी

मित्रा, नवीन भाग मागवायची घाई नको. विजेची वायर काढून ठेवली की तारीख मागे जाते म्हणतोस ना, मग मदरबोर्डवरचा (सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीवरचा) सेल संपलाय. सीआर २०३२, घड्याळवाल्याकडेही मिळतो. बदललास की बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) तारीख आणि बूटचा क्रम, म्हणजे आधी कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते, पुन्हा लाव.

रॅमचं (कामापुरत्या मेमरीचं) म्हणशील तर तुझ्या जी ३१ चिपसेटच्या मदरबोर्डला डीडीआर २ प्रकारचीच लागते, जास्तीत जास्त ४ जीबी. डीडीआर ३ ची खाच वेगळ्या जागी असते. बसत नाही म्हणून दाबू नकोस. आणि ३२ बिटची विंडोज असेल तर चारही जीबी वापरात येणार नाहीत.

खरा फरक एसएसडीने (हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कने) पडेल. साधी साटा जोडणीची घे, महागडी नको; या बोर्डच्या साटाचा वेगच सेकंदाला ३ गिगाबिटचा.

प्रोसेसरचा पंखा काढलास तर उष्णता पंख्याकडे नेणारी जुनी पेस्ट पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी लाव. पंख्याच्या चारही पिना ‘टक’ वाजेपर्यंत दाब. माझी एक अर्धवट राहिली होती, मशीन तापून दहा मिनिटांत बंद पडायचं आणि मी बिचाऱ्या एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) शिव्या घालत बसलो होतो!