माहिती अधिकारात ‘का’ विचारू नका, कागद मागा

तुमचा अर्ज आणि त्याला आलेलं उत्तर, दोन्ही वाचलं. शाळेकडे जाणारा काँक्रीटचा रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला, म्हणून तुम्ही ग्रामपंचायतीला माहिती अधिकारात चार गोष्टी विचारल्या: खर्च किती झाला, ठेकेदार कोण, काम निकृष्ट का झालं आणि जबाबदार अधिकाऱ्यावर कारवाई कधी करणार. उत्तर एका ओळीत आलं, ‘मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ राग येणं साहजिक आहे. पण हे उत्तर अर्धं बरोबर आणि अर्धं चूक आहे. तो फरक लक्षात आला की पुढचा अर्ज असा टोलवणं त्यांना जड जाईल.

बरोबर भाग आधी. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(च) मध्ये माहिती म्हणजे काय ते दिलंय: अभिलेख, दस्तऐवज, आदेश, करार, अहवाल, नमुने वगैरे. म्हणजे कार्यालयाच्या ताब्यात जे आधीपासून आहे ते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या उत्तरपत्रिकांच्या निकालात हे आणखी स्पष्ट केलं. विद्यार्थ्याला स्वतःची उत्तरपत्रिका पाहायचा हक्क मिळाला, पण त्याच निकालात असंही म्हटलं की जी माहिती दप्तरात नाही ती तयार करून देण्याचं किंवा मत, स्पष्टीकरण देण्याचं बंधन कार्यालयावर नाही. ‘काम निकृष्ट का झालं’ याचं उत्तर कुठल्याच नस्तीत लिहिलेलं नसतं. ‘कारवाई कधी करणार’ हेही भविष्यातलं. हे दोन प्रश्न गेले.

मात्र खर्च किती आणि ठेकेदार कोण, हे दोन्ही नस्तीत आहे. दोन प्रश्न अडले म्हणून चारही फेटाळता येत नाहीत. देण्याजोगा भाग वेगळा काढून द्यायचा, हे तत्त्व कलम १० मध्ये आहे. शिवाय नाकारायचं तर कलम ७(८) प्रमाणे कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील द्यावा लागतो. तुमच्या उत्तरात यातलं काहीच दिसत नाही.

आता मुख्य मुद्दा. सरकारी काम कागदाच्या वाटेने चालतं, आणि त्या वाटेवर प्रत्येक टप्प्याला सही असते. रस्त्याच्या कामात आधी प्रशासकीय मान्यता, मग अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता, निविदा, करारनामा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, चाचणी अहवाल, देयक आणि शेवटी काम पूर्णत्वाचा दाखला. हे सगळे कागद समोर ठेवले की ‘का’ आणि ‘कोण’ ची उत्तरं तुम्ही स्वतः वाचू शकता. अर्जातला मजकूर साधारण असा ठेवा:

‘मौजे अमुक येथील अमुक रस्ता काँक्रीटीकरण कामाच्या पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात: प्रशासकीय मान्यता आदेश, अंदाजपत्रक व तांत्रिक मान्यता, निविदा व करारनामा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, काँक्रीट चाचणी अहवाल, सर्व देयके व प्रमाणके, काम पूर्णत्वाचा दाखला. तसेच या कामाच्या संपूर्ण नस्तीची पाहणी करू द्यावी.’

कामाचं नाव आणि आर्थिक वर्ष नक्की लिहा. एवढं पुरे. २०१२ पासून महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे रस्त्याच्या अर्जात पाणीपुरवठ्याचं काही घालू नका. माहिती का हवी, हे सांगायची गरज नाही. कलम ६(२) मध्ये तसं स्पष्ट आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. दारिद्र्यरेषेखालचा अर्जदार असेल तर दाखल्याची प्रत जोडल्यावर शुल्क नाही. अर्ज हाती दिलात तर पोचेवर सही, शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पुढची सगळी मुदत त्या तारखेवरून मोजली जाते.

या सगळ्या कागदांत माझा सर्वात जास्त भरवसा मोजमाप पुस्तिकेवर, म्हणजे एमबीवर. अभियंत्याने जागेवर मोजून लांबी, रुंदी, जाडी तिच्यात लिहायची आणि त्याच आकड्यांवरून ठेकेदाराचं बिल निघतं. एमबीत जाडी १५ सेंटिमीटर असेल आणि उखडलेल्या कडेला पट्टी लावल्यावर १० भरत असेल, तर त्यापुढे कुणाच्या मताची गरज उरत नाही. दुसरा कागद क्यूब चाचणीचा, म्हणजे काँक्रीटचा ठोकळा दाबून घेतलेल्या चाचणीचा. काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजतात. एम-२० प्रतीचं काँक्रीट असेल तर ती चौरस मिलिमीटरला किमान २० न्यूटन यायला हवी. अहवालाची तारीख आणि अंतिम बिल अदा झाल्याची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघा, पैसे चाचणीच्या आधीच दिले का ते कळेल. करारनाम्यात दोषदायित्वाचा कालावधी दिलेला असतो. तो संपला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते, आणि गावाला खरं तर तेच हवंय.

फारच थोडे लोक वापरतात अशी एक तरतूद कलम २(ञ) मध्ये आहे: साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क. म्हणजे रस्त्याच्या काँक्रीटचा नमुना तुमच्यासमोर काढून, सीलबंद करून मागता येतो. तो वेगळ्या अर्जात मागा, पहिल्या अर्जाचे कागद हातात आल्यावर.

एमबी ग्रामपंचायतीत नसून बांधकाम उपविभागात असण्याची शक्यता आहे. ‘आमच्याकडे नाही’ म्हणून हात झटकता येत नाहीत. दुसऱ्या कार्यालयाची माहिती असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवून तुम्हाला कळवायचं, असं कलम ६(३) सांगतं.

नस्तीची पाहणी अवश्य करा. पहिला तास फुकट, पुढे दर पंधरा मिनिटांना पाच रुपये. टिपणं काढायचा हक्क कायद्यातच आहे. २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा परिषदेसारख्या जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. पाहताना पानांवरचे क्रमांक तपासा. मधलंच पान नसेल तर ते लगेच लेखी नोंदवून द्या. ‘नस्ती सापडत नाही’ हे उत्तर तर स्वीकारूच नका. ते माहिती नाकारण्याचं कायदेशीर कारणच नाही. शोध कसा घेतला आणि नस्ती कोणाच्या ताब्यात होती, हे लेखी मागा. सार्वजनिक अभिलेख जपणं हे महाराष्ट्रात २००५ च्या स्वतंत्र कायद्याने बंधनकारक आहे.

कारवाईचा प्रश्न असा फिरवा. आधी गटविकास अधिकाऱ्यांकडे साधी लेखी तक्रार द्या, आवक क्रमांक घ्या. महिन्याभराने माहिती अधिकारात मागा: या तक्रारीवर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपण्या, पत्रव्यवहार आणि पाहणी अहवालाच्या प्रती. काहीच केलं नसेल तर तेही कागदावर येतं.

अधिकाऱ्याची मालमत्ता, रजा, सेवापुस्तक यातलं काही मागू नका. नोव्हेंबर २०२५ पासून कलम ८(१)(ञ) बदललं आहे आणि वैयक्तिक माहिती नाकारणं फार सोपं झालंय. मला हा बदल घातक वाटतो. माहिती अधिकाराच्या मागणीसाठी राजस्थानात ब्यावरला झालेल्या धरण्यापासून लोकांनी मागितलं होतं ते मस्टर (मजुरांचे हजेरीपट) आणि बिलंच, आणि मस्टरवर नावंच असतात. तरी व्यापक जनहिताचं कलम ८(२) शाबूत आहे. नावांवरून अडवलं तर त्याचा आधार घ्या.

काळजीचं एक सांगतो, हलक्यात घेऊ नका. तळेगाव दाभाड्यात जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढणाऱ्या सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. एकट्याच्या नावावर सगळं ठेवू नका. हाच अर्ज गावातल्या आणखी तीन-चार जणांनी करावा, त्यातला एक पुण्या-मुंबईत राहणारा असला तर उत्तम. कागदांच्या प्रती दोन घरांत ठेवा. आणि ठेकेदाराकडून ‘बसून मिटवू’ असा निरोप आला तर जाऊ नका. गेलात की पैशासाठी अर्ज केला हा शिक्का बसतो आणि रस्ता तसाच राहतो.

नव्या अर्जाला ३० दिवसांत माहिती मिळाली नाही, तर पुढे ती कलम ७(६) प्रमाणे विनामूल्य द्यावी लागते. एरवी प्रतींना पानाला दोन रुपये. जुन्या उत्तरावर मात्र पहिलं अपील आताच करा, फक्त खर्च आणि ठेकेदार या दोन मुद्द्यांपुरतं. उत्तर हाती पडल्यापासून ३० दिवस आहेत, त्यावर वीस रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. सुनावणीला स्वतः जा आणि माहिती नाकारणं योग्य होतं हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) ने माहिती अधिकाऱ्यावर टाकली आहे, हे तिथे शांतपणे सांगा. निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत व्हायला हवा. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं. पण तिथे प्रलंबित प्रकरणांचा ढीग आहे, तारीख लागायला फार वेळ जातो. म्हणून सगळी मेहनत पहिल्या अपिलात घाला. एमबीची पानं मिळाली की नावं झाकून इथे टाका, आकडे मी तपासून देईन.