पायावरच्या फुगलेल्या शिरांवर घरगुती उपाय आहे का?

तुमचे वडील सोलापुरात यंत्रमागावर दिवसभर उभे असतात आणि पोटरीवर निळ्या शिरा फुगल्यात, असं तुम्ही लिहिलंय. शिरेतल्या झडपा सैल पडल्या की रक्त खाली साचतं. कुठल्याही लेपाने किंवा व्हिनेगरने ती शीर पूर्ववत होत नाही. त्रास मात्र कमी करता येतो. मागावर उभ्या उभ्याच टाचा उचलायच्या, टेकवायच्या. पोटरी आवळली की रक्त वर ढकललं जातं. घरी आल्यावर घडी घातलेल्या दोन-तीन चादरी पायांखाली घेऊन, पाय छातीपेक्षा उंच ठेवून 15 मिनिटं पडू द्या. दाबमोजे, म्हणजे पोटरीला घट्ट दाब देणारे लांब मोजे, डॉक्टरांना विचारूनच, आणि सकाळी सूज यायच्या आत चढवायचे. शिरा जोरात चोळू नका. एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला, गरम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.