वाचकांचे प्रश्न : जुन्या ट्रकचा मीटर बोर्ड

प्रश्न (देवगड) : जुनी टाटा 407 आहे. हंगामात आंब्याच्या पेट्या, एरवी मासळी घेऊन फोंडा घाटाने वर जाणे असते. मूळ बोर्डात फक्त वेगाचा काटा चालतो, बाकी सगळे मीटर बंद आहेत. पूर्ण नवा बोर्ड परवडत नाही. पाच हजारांच्या आत वेगळा बोर्ड करून बसवता येईल का? कुठले मीटर घ्यावेत, आणि पत्रा कुठला वापरावा?

उत्तर : येईल, पण पाच-सहा मीटरांचा हट्ट धरू नका. तीन पुरेत : ऑइल प्रेशर, पाण्याचे तापमान आणि व्होल्ट. डिझेलचा मीटर चौथा, आणि तो टाकीतला जुना फ्लोट (डिझेलवर तरंगून पातळी सांगणारा भाग) चालू असेल तरच. पैशांचा मोठा भाग मीटर, सेंडर (इंजिनात बसून मीटरला माप पाठवणारा भाग) आणि वायर यांवर जाऊ द्या. पत्र्यावर फार खर्च करायची गरज नाही.

अँपिअर मीटर घेऊ नका. त्याच्यातून चार्जिंगचा सगळा करंट जातो, म्हणजे जाड वायर केबिनमध्ये आणावी लागते, आणि खाऱ्या हवेत तिचे एक टर्मिनल सैल झाले की तिथेच तापायला लागते. व्होल्ट मीटरला बारीक वायर आणि एक फ्यूज पुरतो. तो सांगतोही जास्त. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी 12.6 च्या आसपास, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4. हेडलाइट लावून धावताना काटा 13 च्या खाली राहिला तर पट्टा किंवा अल्टरनेटर बघा. 15 च्या वर गेला तर अल्टरनेटरचा व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर गेला, आणि बॅटरी उकळायच्या आत तो बदला.

बोर्डासाठी 2 मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा उत्तम. तो नसेल तर दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडे 3 मिमी एसीपीचे (दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम, मध्ये प्लास्टिक) उरलेले तुकडे असतात, तेही चालतात. प्लायवुड नको. आपल्याकडच्या पावसात ते फुगते आणि मीटरची पकड सैल होते. लोखंडी पत्रा रंगवला तरी भोकांच्या कडेने गंजतो.

मीटर 52 मिमीचे घ्या. हे माप सगळीकडे मिळते, म्हणून उद्या एक बिघडला तर नुसता तेवढाच बदलता येतो. दोन भोकांच्या केंद्रांत 70 मिमी अंतर ठेवा, नाहीतर मागच्या क्लॅम्पचे नट फिरवायला बोटे जात नाहीत. चार मीटरांना साधारण 300 बाय 90 मिमीची पट्टी लागते. आधी पुठ्ठ्याची पट्टी कापून डॅशवर धरा. स्टेअरिंगच्या मागून चारही काटे दिसतात का ते नेहमीच्या बसण्यातून पाहा, आणि मागे टर्मिनल धरून 80 मिमी मोकळी जागा आहे का तेही. वायपरची दांडी तिथेच फिरत असते, हे बऱ्याचदा भोके पाडून झाल्यावर कळते.

भोके 52 मिमीच्या होल सॉने, पत्र्याखाली लाकूड ठेवून, कमी वेगात पाडा. दातांवर रॉकेल किंवा डिझेलचे थेंब सोडत राहा. ॲल्युमिनियम कोरडे कापले की दातांत चिकटते आणि भोक वेडेवाकडे होते. कडा अर्धगोल कानशीने साफ करा. रंग काळा, मॅट. चकचकीत बोर्ड रात्री काचेत उमटतो आणि घाटाच्या वळणावर डोळ्यांना त्रास देतो. बोर्ड आणि डॅश यांच्यामध्ये रबर शीटची पट्टी घाला. स्क्रू 304 स्टेनलेसचे, नायलॉन वॉशर लावून, कारण स्टील, ॲल्युमिनियम आणि खारा ओलावा एकत्र आले की ॲल्युमिनियम पांढरे पडून खायला लागते.

आता सेंडर. जुना ऑइलचा स्विच काढून दुकानात घेऊन जा आणि आटे जुळवून घ्या. एम10, एम14 आणि 1/8 इंचाचे निमुळते आटे हे तिन्ही बाजारात आहेत. निमुळता सेंडर सरळ आट्यांत दोन-तीन फेरे सहज जातो, मग अडतो. तिथे जोर लावला तर ब्लॉकचे आटे जातात, आणि ते काम तुमच्या सगळ्या बजेटपेक्षा महाग आहे.

हा जुना स्विच लाल दिव्याचा आहे, तो कायमचा काढून टाकू नका. पितळी टी (तीन तोंडांचा जोड) लावून दिवा आणि मीटर दोन्ही ठेवा. मीटर आधी सावध करतो, दिवा प्रेशर जवळजवळ संपल्यावर लागतो. पण रस्ता बघणाऱ्याचे लक्ष दिव्याकडेच आधी जाते. मीटरचा सेंडर डब्यासारखा जड असतो. तो थेट टीवर टांगला तर डिझेल इंजिनाच्या थरथरीने टीची मान तुटते आणि ऑइल बाहेर पडते. तो छोट्या ऑइल होजने बाजूला आणून चेसिसवर क्लॅम्प करा. होज रबराचा, म्हणून सेंडरच्या अंगाला अर्थिंगची (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी) वेगळी वायर लागते. ती विसरली की मीटर काहीच धड दाखवत नाही.

तापमानाचा सेंडर हेडमधून पाणी बाहेर पडते तिथे, थर्मोस्टॅटच्या इंजिनाकडच्या बाजूला हवा. रेडिएटरच्या खालच्या नळीत नको, तिथले पाणी थंड होऊनच आलेले असते. एक गोष्ट चालकाला नक्की सांगून ठेवा : सेंडर पाण्यात बुडालेला असेपर्यंतच खरे सांगतो. होज फुटून पाणी निघून गेले की त्याचे टोक कोरडे पडते आणि काटा खाली येतो. घाट चढताना 95 वरचा काटा एकाएकी 60 वर आला तर ती इंजिन गार झाल्याची खूण नव्हे. गाडी तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचे झाकण मात्र लगेच उघडू नका.

वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. चावी लावल्यावरच सप्लाय येतो अशा टर्मिनलवरून 5 अँपिअरच्या फ्यूजमार्गे एक वायर बोर्डापर्यंत आणा, तिथून सगळ्या मीटरांच्या प्लसला वाटा. आतल्या बल्बांना पार्किंग लाइटच्या स्विचवरून वेगळी वायर द्या. वायर 0.75 चौ. मिमी, आतली तार कथिल चढवलेली मिळाली तर तीच घ्या. साधी तांब्याची तार टोकाकडून हिरवी पडत आत जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. जोड पिळून टेप लावू नका, थिंबल (वायरच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) दाबा आणि वरून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, वायर जाते तिथे भोकाला रबरी ग्रोमेट (कडेवर बसणारी कडी) हवाच.

बसवण्याआधी तापमानाचा मीटर तपासा. मीटरला बॅटरीवरून प्लस आणि निगेटिव्ह द्या, सेंडरच्या टर्मिनलची वायर मीटरच्या ‘एस’ (सेंडर) लिहिलेल्या टर्मिनलला आणि अंगाची बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा, आणि सेंडरचे फक्त पाण्यात बुडणारे टोक उकळत्या पाण्यात धरा. किनाऱ्यावर पाणी 100 अंशांनाच उकळते, वेगळा थर्मामीटर लागत नाही. काटा 100 च्या जवळ थांबला पाहिजे. 80 किंवा 120 दाखवला तर मीटर आणि सेंडर एकमेकांचे नाहीत. दुकानदाराकडून जोडी बदलून घ्या.

डिझेलच्या मीटरसाठी टाकी रिकामी आणि भरलेली असताना फ्लोटचे ओहम मोजा. काही फ्लोट भरताना ओहम वाढवतात, काही कमी करतात. उलट्या जातीचा मीटर आणला तर रिकाम्या टाकीला तो पूर्ण भरलेली म्हणेल.

प्रश्न (गुहागर) : गेल्या वर्षी तीन मीटर बसवले. पावसाळ्यानंतर तापमान कधी 70 च्या वर जातच नाही, ऑइल प्रेशर आधीपेक्षा चांगले दाखवतो. हेडलाइट लावला की सगळे काटे हलतात. मीटर खराब निघाले का?

उत्तर : मीटर बहुधा ठीक आहेत, अर्थिंग गेले आहे. आणि तुमच्या पत्रातली काळजीची गोष्ट काटे हलण्याची नाही, ‘आधीपेक्षा चांगले’ ही आहे.

असे का होते ते नीट पाहा. तापमानाचा सेंडर गरम झाला की त्याचा रोध कमी होतो. बाजारात चालणाऱ्या एका नेहमीच्या जातीत 80 अंशांना साधारण 70 ओहम आणि 100 अंशांना साधारण 38 ओहम असतात. सेंडरचे अर्थिंग त्याच्या आट्यांतून, ब्लॉकमधून, इंजिन ते चेसिसच्या पट्टीतून जाते. या वाटेत कुठेही गंजाचे 30 ओहम आले की पाणी उकळत असताना मीटरला 68 दिसतात आणि काटा 80 वर निवांत उभा राहतो. ऑइलच्या 10 ते 180 ओहमच्या सेंडरमध्ये प्रेशर वाढले की रोध वाढतो, म्हणजे तिथेही गंज प्रेशर वाढवूनच दाखवतो. त्याच जातीच्या डिझेल फ्लोटचेही तेच. तिन्ही मीटर धीर देणाऱ्या बाजूलाच चुकतात, म्हणून चालकाला शंका येत नाही. जो मीटर उगाच घाबरवतो तो निदान कुणीतरी तपासतो.

मल्टिमीटर ओहमवर नका लावू, व्होल्टवर लावा. इंजिन चालू, हेडलाइट चालू, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरे सेंडरच्या अंगावर. मग ब्लॉकवर, मग चेसिसवर, मग बोर्डाच्या अर्थिंगवर. दशांश एक व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर त्या दोन जागांच्या मध्ये दोष आहे. हेडलाइटबरोबर काटे हलतात यावरून बोर्डाचे अर्थिंग दिव्यांच्या अर्थिंगबरोबर एकाच गंजलेल्या बोल्टवर असणार. बोर्डापासून 1.5 चौ. मिमीची स्वतंत्र वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या. इंजिन ते चेसिसची विणलेली पट्टी काळी किंवा हिरवी पडली असेल तर घासत बसू नका, नवी घाला.

चेसिसवरची जागा निवडताना हौद्याखालची टाळा. मासळीच्या बर्फाचे खारे पाणी नेमके तिथेच गळते. केबिनच्या बाजूला पत्रा चकाकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा, आणि त्यानंतर वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस लावा. रंग आधी आणि बोल्ट नंतर, असे केले तर अर्थिंग रंगावर टेकते.

सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे जाड वेटोळे घातले असेल तर तेही काढा. तिथे तुम्ही गळती आणि अर्थिंग दोन्ही बंद केलेत. निमुळत्या आट्यांना पातळ सीलंट पहिले दोन आटे सोडून लावा. सरळ आट्यांना तांब्याचा वॉशर बदलला की पुरते.

प्रश्न (राजापूर) : चिऱ्याच्या गाडीला दोन बॅटऱ्या आहेत. घरात 12 व्होल्टचे चांगले मीटर पडून आहेत. वायरमन म्हणतो, एका बॅटरीवरून 12 व्होल्ट घेऊ. चालेल का?

उत्तर : आधी मोजा. दोन बॅटऱ्या म्हणजे 24 व्होल्ट असे दर वेळी नसते, समांतर जोडल्या असतील तर सप्लाय 12 चाच असतो.

24 निघाले तर मधून 12 घेऊ नका. मीटरांचा भार थोडा असला तरी तो एकाच बॅटरीवर रोज पडतो, चार्जिंग मात्र दोघींना एकत्र होते. एक अर्धवट राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते, आणि शेवटी जोडीच बदलावी लागते. शिवाय त्या टोकाला उद्या कोणीतरी गाण्यांचा टेपही जोडतो. 24 वरून 12 करणारा 3 ते 5 अँपिअरचा बंद डब्यातला कन्व्हर्टर घ्या, आत रेझिन ओतलेला. उघडी छोटी सर्किट पट्टी स्वस्त मिळते, पण अल्टरनेटरचे झटके आणि दमट हवा तिला मारते. कन्व्हर्टरच्या आधी फ्यूज लावा. व्होल्ट मीटर मात्र 24 चाच नवा घ्या आणि कन्व्हर्टरच्या आधी जोडा. मागे जोडलात तर तो बॅटरी मरेपर्यंत 12 दाखवत राहील. त्यावर इंजिन चालू असताना 27.6 ते 28.8 दिसायला हवे.

प्रश्न (वेंगुर्ले) : नव्या बोर्डात सगळे दिवे एलईडी केले. तेव्हापासून सकाळी गाडी चालू केली की बराच वेळ चार्जिंग होत नाही, ॲक्सिलरेटर जोरात दाबला की सुरू होते.

उत्तर : चार्जिंगच्या दिव्यातून जाणारा थोडा करंट अल्टरनेटरच्या फील्डला (आतल्या चुंबकीय गुंडाळीला) जागे करतो. एलईडीतून तेवढा जात नाही. त्या एका जागी जुना 2 ते 3 वॉटचा बल्ब परत लावा. एलईडीच ठेवायचा असेल तर 12 व्होल्टच्या गाडीत 68 ओहम, 24 च्या गाडीत 220 ओहमचा, दोन्ही 5 वॉटचे, रेझिस्टर एलईडीला समांतर जोडा. तो तापतो, म्हणून वायरच्या गुंडाळीत बांधू नका.

प्रश्न (अलिबाग) : वेगाचा मीटरही काढून दुसऱ्या गाडीचा भंगारातला बसवला तर?

उत्तर : चालू स्पीडोमीटर नियमाने लागतोच, पासिंगला तो बघतात. दुसऱ्या मॉडेलचा मीटर केबलला बसला तरी केबलच्या किती फेऱ्यांना एक किलोमीटर धरायचा हे त्याच्या आतल्या गिअरवर ठरलेले असते, आणि किलोमीटरचा आकडाही तुमच्या गाडीचा राहत नाही. तुमचाच मीटर दुरुस्त करून घ्या. काटा थरथरत असेल तर आधी केबल काढून धुवा, थोडे ग्रीस लावा, आणि तिला तीव्र वळण कुठे आहे ते पाहा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.