पत्रिकेत नावं किती?

प्रश्न: लग्न मे महिन्यात, नागपुरातच. बाबा म्हणून राहिले काका-मामा-आत्या सगळ्यांची नावं पत्रिकेत पाहिजेत, मला साधी हवी. काय करू? (एक नवरी, महाल)

उत्तर: अगं भांडू नको, दोन करा नं! नातेवाइकांना 'आमचे येथे श्रीकृपेकरून'वाली छापील, नावांची फौज तिथे, बाकीच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी. छापील पत्रिकेचा कागद चकचकीत नको, पहिली टेकडीच्या गणपतीला ठेवायची तेव्हा हळदकुंकवाची बोटं लावतो, ते चकचकीत कागदावर धरतच नाही, पुसून जातं. 'चि. सौ. कां.' खटकत असेल तर दोघांनाही नुसतं 'चि.' चालतं. अन् प्रूफ आत्याला वाचायला दे, तारीख-वार जुळतात का तेही पाहील, स्वतःच्या नावाची वेलांटी तर आधी तपासेल.